भुऱ्याच्या नावाची मूठ

१

मी सध्या धुळ्याला असतो. पाचकंदीलजवळ एका दुकानात टीव्ही, व्हीसीआर आणि व्हिडिओ गेम दुरुस्त करतो. मालक भला माणूस आहे, दुकानावरचीच खोली राहायला दिली आहे, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दिसतात. तक्रार करावी असं काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला माझी कीव येईल. ती येऊ नये.

त्याआधी मी जळगावला कामाला होतो आणि घर एरंडोलला होतं. रोज सकाळची एस.टी. धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. बळीराम पेठेत हस्तीमल शेठचं दुकान होतं. पुढे पोरांना गेम खेळायला टीव्ही मांडलेले आणि मागे पडद्याआड माझं टेबल. ते टेबल मला फार आवडायचं, कारण तिथे गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नसे. माझी शाळा आठवीत सुटली तीही बोलण्यापायीच. मास्तरांनी उभं केलं की उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुढे पुढे मी नदीकाठी जाऊन बसायला लागलो, आणि एक दिवस माझे वडील, आबा, म्हणाले, राहू दे, काहीतरी काम शिक.

गेमच्या जुन्या मशीनांची कुलपं काढणं हे माझं खास काम होतं. परदेशातून आलेलं मशीन फक्त त्याच देशातली कॅसेट चालवतं. मशीनमध्ये एक छोटी चिप असते, तशीच एक कॅसेटमध्ये असते. चालू केलं की दोघी एकमेकींना ओळख विचारतात. ओळख पटली नाही की पडदा नुसता लुकलुकत राहतो. मशीनमधल्या चिपचा एक पाय गरम करून अलगद वर उचलला की ती विचारणंच सोडून देते. मग जो येईल त्याला आत घेते.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शेठचा भाचा रिखबचंद अमेरिकेहून लग्नाला आला आणि जाताना एक जुनं मशीन मामाकडे टाकून गेला.

"हिलाल, घे रे," शेठ खोकं टेबलावर ठेवत म्हणाले, "अमेरिकाचा पाहुणा. ह्याला आपल्याकडचं खायला शिकव."

"शिकवतो शेठ."

"आणि बोल जरा त्याच्याशी. माणसाशी नाही बोलत, मशीनशी तरी बोल."

पुढे बसलेली पोरं हसली. मीही पडद्याआड हसलो.

खोक्यात एक कॅसेट होती. चिठ्ठी खरवडून काढलेली, राखाडी रंगाची. मशीनचं कुलूप काढल्यावर ती पहिल्याच खेपेला चालली. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी नव्हती, जपानी असावीत. मारामारी नाही, मोटारी नाहीत. नुसता एक गोठा.

२

पुढच्या पोरांनी तो गेम अर्ध्या तासात टाकून दिला. "ह्याच्यात काहीच होत नाही," म्हणाले. त्यांचं खरं होतं. मला मात्र काहीच होत नाही असे खेळ आवडतात.

गोठ्यात जनावरं बांधायची चार ठाणी होती. सुरुवातीला दोन जनावरं मिळायची. जनावरं म्हणजे कुठल्या रानातली, सांगता येणार नाही. एकाचं तोंड घुबडासारखं आणि अंग वासराचं. दुसऱ्याला पाय सहा की आठ, ते मोजेपर्यंत हलायचं. त्यांना खाऊ घालायचं, पळवायचं, धुवायचं. दोघांची नीट गट्टी जमली की ठाण्याच्या दाराशी अंडं यायचं. अंड्याला रिकामं ठाणं लागे. ठाणं रिकामं नसेल तर एखादं जुनं जनावर सोडून द्यावं लागे. बटण दाबलं की उजवीकडचं फाटक उघडायचं, जनावर चालत बाहेर जायचं आणि फाटक लागायचं. ते कधी मागे वळून बघत नसे. फाटकापलीकडे काय आहे, हे खेळात दाखवलेलंच नव्हतं.

हे सगळं मला कोणी सांगितलं नाही. ती अक्षरं वाचता येत नसल्यामुळे मी चुका करत करत शिकलो. पिढीमागून पिढी काढली. याची मान, त्याचे डोळे, असं जुळवत जुळवत शेवटी एक असं पिल्लू निघालं की मला आणखी काही नको झालं. बाकीची सगळी सोडून दिली आणि ते एकटं ठेवलं.

दुकानातल्या रंगीत टीव्हीवर ते पिवळं दिसायचं. पण शेठनी मशीन मला घरी न्यायला दिलं होतं आणि आमचा टीव्ही काळा-पांढरा. तिथे ते भुरं दिसे. म्हणून भुऱ्या. त्याला नीटसं तोंड नव्हतं, पण कान मोठे होते. काही बोललं की कान आपल्याकडे वळवायचा. खरं तर ते ठरावीक वेळाने वळत असणार, कारण मशीनला ऐकू येत नाही. तरी मी त्याच्याशी बोलायला लागलो.

आणि घरीही त्याच्याबद्दल बोलायला लागलो. जेवताना माझ्याकडे सांगण्यासारखं काही कधी नसे, आता होतं. आज भुऱ्याने खाल्लं नाही. आज भुऱ्या खूप पळाला. गिरधर भाऊ, माझा थोरला भाऊ, चेष्टा करायचा.

"आपला बैल बिमार पडना तवय इचारं नही तुनं," तो म्हणायचा, "आनि ह्या टीव्हीमजारला ढोरना तुले केवढा घोर!"

"बोलू दे रे त्याले," आई म्हणायची. "बोली तं ऱ्हायना."

कुंदावहिनी धुळ्याची, तिची भाषा शहरी. ती भाकरी थापता थापता विचारायची, "भाऊजी, तुमच्या भुऱ्याचं लग्न कधी?"

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. याआधी दोनदा पोट पडलं होतं, दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात. त्यामुळे घरात कोणी उघड बोलत नसे, पण सगळं घर श्वास रोखून होतं. आई वहिनीला विहिरीवर जाऊ देत नसे. आबा दुखऱ्या पायाने फरपटत जाऊन तिच्यासाठी डाळिंबं आणत. भाऊ चेष्टा करता करता मधेच तिच्याकडे बघायचा. हे मूल नीट हातात यावं, एवढं एकच मागणं त्या वर्षी आमच्या घरात होतं.

३

श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसली. आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, असतात. त्यासाठी आदल्या दिवशी गहू मोजायचे, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. लहान असो, मोठा असो, जितके पुरुष तितक्या मुठी. त्याच पिठाचे रोट करायचे आणि घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही.

आई डोक्यावर पदर घेऊन सुपासमोर बसली होती. शेजारी माझी चुलती लताबाई हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी दारात बसून टीव्हीची वायर जोडत होतो.

आबांचं नाव आई घेत नसे. "मालकनी," म्हणजे मालकांची, असं म्हणत तिने पहिली मूठ सुपात टाकली, वर पाव मूठ. मग "गिरधर." मग "हिलाल." आणि त्याच दमात, त्याच सुरात, "भुऱ्या."

मूठ सुपात पडली. वर पाव मूठही पडली. मग आईचा हात थांबला.

"कोन वं भुऱ्या?" लताकाकूने विचारलं.

आई माझ्याकडे बघायला लागली. "मना तोंडमा आपोआप उनं, माय. रोज जेवतांना तीच नावं कानवर पडतस. गिरधर, हिलाल, भुऱ्या."

काकू इतकी हसली की डाळीचं ताट कलंडलं. "टीव्हीमातलं ढोर ते! काढ, काढ, टाक माघारी."

"लियेल मूठ माघारी टाकतस का कोठे?" आई एकदम गंभीर झाली. "देवीनं नाव लिसन टाकी ती."

"आई, मग बाळाचीही घ्या की," वहिनी आतून म्हणाली.

"पोटमातलानी लेतस नही. भाईर येऊ दे त्याले, पुढला सालले लिसू." आईने सुपावरून हात फिरवला. गहू एकमेकांत मिसळले, कोणाचे कोणते ते आता देवालाही निवडता आले नसते. "जाऊ दे. घरना शे मंग तो बी."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. इतक्या लोकांच्या घरात माझ्या एखाद्या गोष्टीला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी रोट खाताना मी एक तुकडा टीव्हीसमोर धरला आणि म्हणालो, "घे." भाऊ, वहिनी, सगळे हसले. भुऱ्याने कान वळवले.

४

त्यानंतर मी मशीन लावलं तेव्हा गोठ्यात चारही ठाणी भरलेली होती.

मी आधी खुर्चीतून उठून टीव्हीच्या मागची वायर पाहिली. का पाहिली, कोण जाणे. माणूस अशा वेळी हाताला येईल ते तपासतो.

भुऱ्या त्याच्या ठाण्यात होता. पहिल्या ठाण्यात एक म्हातारं जनावर होतं, मागचा डावा पाय ओढत चालणारं. दुसऱ्यात एक रुंद खांद्याचं, खाताना मान जोरजोरात हलवणारं. तिसऱ्यात एक बारकं होतं. ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. मी बटणं दाबून पाहिली, ते वळलं नाही.

यांतलं एकही मी जोपासलेलं नव्हतं.

कारण शोधणं माझा धंदाच आहे. या कॅसेटमध्ये नाण्याएवढा एक सेल असतो, आणि आपण केलेलं सगळं त्या सेलच्या जोरावर आठवणीत राहतं. सेल उतरला की आठवण बिघडते, भलतंसलतं दिसतं. मी मशीन जळगावला नेऊन कॅसेट उघडली. सेल खरोखरच उतरला होता. तो नुसता काढला तर भुऱ्या जाईल, म्हणून मी जुन्या सेलच्या टोकांना आधी नवा सेल डागून घेतला आणि मगच जुना काढला.

शेठ चहा घेऊन आत आले. "काय चाललंय?"

"सेल बदलतोय. जीव न घालवता."

"वा रे वा, डॉक्टर! चालू गाडीचं चाक बदलतो म्हण की."

नव्या सेलवर मशीन लावलं. बिघडलेली आठवण असती तर ती बिघडलेलीच दिसायला हवी होती, रेघोट्या, अर्धी चित्रं. पण चौघंही स्वच्छ दिसत होती. म्हाताऱ्याच्या मानेवरची सुरकुतीसुद्धा. मी म्हटलं, खेळातच अशी सोय असेल, काही काळाने नवी जनावरं येत असतील. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला कोण काय करणार? हे कारण मला पटलं. बरेच दिवस पटलेलं राहिलं.

ते महिने फार सुखाचे गेले. वहिनीचा पाचवा महिना पार पडला, सहावा लागला. आई गाणी म्हणायला लागली. आणि घरात माझं कौतुक होऊ लागलं.

एका संध्याकाळी आबा म्हणाले, "दुपारले पाय चांगला दाबात रे तू. घटकाभर कळ कशी ती नव्हती."

दुपारी मी जळगावला होतो. पण आबांना दुपारी झोप लागते, स्वप्न पडलं असेल, असं मी धरलं. आणि म्हाताऱ्या माणसाला नाही कशाला म्हणायचं.

मग भाऊ म्हणाला, "काल वावरमा पानी धराले उना तू, बरं झायं. एकटाले झेपत नही." आणि हसून, "पन बोलना बी नही एक शब्द. कसा बोलशी म्हना, तू तूच शे."

मी सांगणार होतो की भाऊ, काल मी दुकानात होतो. शब्द तोंडाशी आलेही. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याने असा हात कितीतरी वर्षांत ठेवला नव्हता. मी खांदा हलवला नाही.

त्या दरम्यान केव्हातरी आई आम्हा तिघा पुरुषांची पानं मांडताना चौथं पान मांडायला लागली. पहिल्यांदा मांडलं तेव्हा स्वतःच चपापून उचललं. पुढे उचलेनाशी झाली. त्यावर भाकरी वाढायची, भाजी वाढायची, आणि आवरताना ताट रिकामं असायचं. मी मांजरावर लक्ष ठेवलं. मांजर वहिनीजवळ झोपलेलं असे. जेवताना आबांच्या चघळण्याचा आवाज, भाऊचा मचमच आवाज, आणि त्याखाली आणखी एक, ओला, सावकाश. मान वर करून बघावं असं वाटायचं. पण मी बघितलं की तो थांबेल आणि त्याचं जेवण राहील, म्हणून मी आपलं ताट बघत जेवायचो.

भीती वाटायची का? थोडी वाटायची. पण ओळखीची वाटायची. माझ्यासारखाच कोणीतरी, न बोलणारा, घरात वावरतो आहे आणि सगळ्यांना हवासा झाला आहे, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

५

थंडी पडली. वहिनीची तारीख आली आणि गेली. कळा आल्या नाहीत.

एरंडोलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी वाट पाहू. थोडी वाट पाहिली. मग त्या म्हणाल्या, जळगावला न्या. भाऊने जीप ठरवली. तिथल्या दवाखान्यात सलाइन लावलं, औषध दिलं. बाळाचे ठोके चालू होते, पण बाळ जागचं हलत नव्हतं.

मी दुकानातून डबा घेऊन गेलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. आई बाहेर नर्सशी बोलत होती.

"भाऊजी," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "हसू नका. मला वाटतं, ते तयार आहे. दारापर्यंत आलंय. पण आत घरात उभं राहायला जागाच नसावी ना, तसं थांबलंय."

"असं नका बोलू, वहिनी."

"मागच्या दोन वेळेला असं नव्हतं. तेव्हा ते आलंच नव्हतं. हे आलंय." तिने माझं मनगट धरलं. "मला हे घरी न्यायचंय हो."

दारात भाऊ उभा होता. त्याने तोंड फिरवलं. डॉक्टर त्याला सांगत होते की संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि तिच्या अंगात रक्त कमी आहे.

मी दुकानात परत आलो. दुपार होती. पुढे दोन पोरं मोटारींचा गेम खेळत होती. मी घरून पिशवीत आणलेलं मशीन पडद्याआड लावलं. सकाळपासून मला ते लावायचं होतं आणि लावायचं नव्हतं.

दाराशी अंडं होतं. मी कोणाची जोडी लावली नव्हती. चारही ठाणी भरलेली, आणि अंडं उंबऱ्याबाहेर हळूहळू डुलत होतं.

६

मी आधी स्वतःला समजावलं. हा खेळ आहे. वहिनी दवाखान्यात आहे, तिथे डॉक्टर आहेत, औषधं आहेत. या काचेचा आणि तिचा काही संबंध नाही. आणि संबंध नसेलच, तर एक ठाणं रिकामं करायला हरकत काय? कोणाचंही करावं.

मग हात का थांबला होता?

पहिल्यांदा भुऱ्या निवडला. तोच उपरा होता. माझा होता, म्हणून मीच त्याला सोडायला हवं होतं. "जा," मी म्हणालो. बटण दाबलं. फाटक उघडलं. भुऱ्या फाटकापर्यंत गेला आणि उभा राहिला. याआधी कोणी तिथे उभं राहिलं नव्हतं. त्याने कान माझ्याकडे वळवले. मग तो माघारी आला, आपल्या ठाण्यात जाऊन बसला आणि त्याने डोकं खाली ठेवलं. फाटक आपोआप लागलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. त्याच्या नावाची मूठ पिठात मिसळली होती, त्याला कोण घालवणार?

म्हाताऱ्यावर निवडीची खूण नेली आणि लगेच उचलली. ते पाय ओढत पाण्याकडे चाललं होतं. रुंद खांद्याच्या त्या जनावराकडे तर बघवेना. ते खात नव्हतं. अंड्याकडे तोंड करून नुसतं उभं होतं.

राहिलं ते बारकं, कोपऱ्यातलं.

मी बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसलो. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. शर्टाची शिवण खांद्यावरून घसरलेली असते का, मान इतकी पुढे काढून आपण बसतो का, कोणाला ठाऊक असतं? मनात हिशेब मांडावा असंही काही नव्हतं. आबांचे पाय कोणीतरी दाबत होतं. भाऊला वावरात सोबत होती. आईच्या पंगतीत ताट रिकामं होऊन उठत होतं. घरात काही कमी पडणार नव्हतं. आणि वहिनीला मूल घरी न्यायचं होतं.

बटण दाबलं.

फाटक उघडलं. बारकं उठलं. इतके महिने ते एकदाही वळलं नव्हतं, तेव्हाही वळलं नाही, तसंच भिंतीच्या कडेकडेने चालत गेलं. रेंगाळलं नाही. खरं तर ते थोडं घाईतच गेलं, सुट्टी झालेल्या पोरासारखं. फाटक लागलं. अंडं उंबऱ्यावरून आत आलं आणि रिकाम्या ठाण्यात जाऊन थांबलं. भुऱ्या उठला. तो अंड्याजवळ गेला आणि त्याने आपलं अंग त्याच्याभोवती गुंडाळलं, थंडी लागू नये असं.

मला एवढं हलकं वाटलं की मी खुर्चीला टेकून डोळे मिटले. पुढे फोन वाजला.

"हां... हां... अरे वा!" शेठचा आवाज. मग पडदा बाजूला झाला. "हिलाल! मुलगा झाला गिरधरला! काही कापाकापी नाही, एकदम सरळ! आणि तू काय झोपतो इथे? ऊठ!"

शेठ माझ्याकडेच बघत होते, माझ्या नावाने बोलत होते. म्हणजे मी कुठे गेलो नव्हतो. मी हसलो. माझे हात माझेच होते, टेबलावर माझी सोल्डरिंग गन होती, तिचा वास येत होता.

"समोरून पेढे घेऊन जा," शेठ म्हणाले. "आणि सांग माझ्याकडून, काका झाला आता तू. जरा मोठ्याने बोल!"

७

दवाखान्याच्या जिन्यावरच मला आमच्या माणसांचे आवाज ऐकू आले. आई रडत होती आणि हसत होती. आबाही आले होते, एरंडोलहून कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून.

खोलीत ऊन आलं होतं. वहिनी उशीला टेकून होती, थकलेली, पण गालांवर रंग परतला होता. भाऊ तिच्या पायाशी. आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी दारात उभा राहिलो, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून. आज मोठ्याने बोलायचं, असं मी जिन्यात ठरवलं होतं.

"माय," मी म्हणालो.

आईने वर पाहिलं. ओळखीच्या दुकानातल्या माणसाकडे बघावं तसं चांगुलपणाने पाहिलं.

"शेठनी धाडात का पेढा? ठेव भो तठे, टेबलवर. शेठले सांगजो, पोऱ्या व्हयना. बठ्ठं नीट शे."

मी पुडा टेबलावर ठेवला.

"एक घ्या ना तुम्हीही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं, मग तिचे डोळे बाळाकडे गेले आणि तिथेच राहिले. मी पेढा घेतला.

बाळ रडायला लागलं. आई त्याला झुलवत होती, थोपटत होती, पण ते थांबेना.

"काकाकडे द्या," भाऊ म्हणाला. "तो बोलस नही, त्यानाकडे गप बसी."

"ले रे हिलाल," आई म्हणाली. "ले तुना पुतण्या. घाबरू नको."

मी दोन्ही हात पुढे केले. नाव माझं होतं, हात आपोआप गेले.

पण आई माझ्याकडे वळली नव्हती. ती खिडकीकडे वळली होती. खिडकीपाशी एक लोखंडी स्टूल होतं आणि त्या स्टुलावर कोणी नव्हतं. आबा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून हसत होते. आई तिथपर्यंत गेली, वाकली आणि बाळ पुढे धरलं.

"मान धर आधी," ती म्हणाली. "हां. तशी."

आणि तिने आपले हात काढून घेतले.

माझ्या तोंडून आवाज निघाला असेल. कोणाचं लक्ष गेलं नाही. मी धावणारच होतो, पण धावायची गरज पडली नाही. बाळ जिथे होतं तिथेच राहिलं, उन्हात, स्टुलापासून वीतभर वर. दुपट्यावर खालून बोटांचे खळगे पडले होते, रुंद, नेमके किती ते मोजेपर्यंत हलणारे. मग सगळं दुपटं सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुललं, पुन्हा आलं, पुन्हा झुललं. बाळाचं रडणं थांबलं. त्याने डोळे उघडले आणि वर, बरंच वर, कोणाच्या तरी तोंडाकडे बघायला लागलं.

त्याच्या कानावरची लव हलत होती. कोणीतरी जवळून श्वास घेत असावं.

मी बारकाईने पाहिलं. बाळाची मान नीट धरलेली होती.